गोव्यातले जुने कॉलेजकुमार फावल्या वेळात करीत तरी काय?

मांडवीतीर

गोव्यात कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांची महाविद्यालये मुक्तीनंतरच आली, हे आपण सगळे जाणतो. पण त्याचा तरुण मुलांच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला असेल, याचा विचार फारसा होत नाही. १९६२ साली मडगावला चौगुले आणि पणजीला धेंपे महाविद्यालय सुरू झाले, १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर्स आले, १९६६ मध्ये पणजीत वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि १९६७ मध्ये फर्मागुढीला अभियांत्रिकीची सोय झाली. पुण्यामुंबईच्या कॉलेजकुमाराला जिमखाने, वादसभा, स्नेहसंमेलने आणि टिंगलटवाळीचे अड्डे जणू वडिलोपार्जित मिळत. आमच्याकडच्या पहिल्या पिढीला बसायच्या कट्ट्यापासून सगळे नव्याने शोधावे लागले.

माझे मत थोडे रोखठोक आहे. त्या काळच्या गोमंतकीय मुलग्यांचे छंद त्यांच्या आवडीनिवडींनी ठरत नसत, शेवटच्या बसने ठरत. कदंब परिवहन महामंडळ १९८० साली स्थापन झाले. तोवर खासगी मालकांच्या गाड्या धावत, त्याही मालकाला परवडेल तेव्हा आणि परवडेल तेथवरच. पेडणे, सत्तरी, सांगे किंवा काणकोण येथून येणाऱ्या मुलाला तास संपल्यावर मैदान, वाचनालय, तालीम आणि सिनेमा यांतून काही निवडण्याची सवडच नव्हती. त्याला स्टँड गाठायचा असे. पणजी, मडगाव, म्हापसा आणि वास्को येथल्या मुलांचे छंद आज ‘त्या काळचे छंद’ म्हणून सांगितले जातात, कारण आठवणी लिहिणारेही बहुतेक तेच आहेत.

आपण मुंबई विद्यापीठाला जोडलेलो होतो तो काळ, म्हणजे १९६२ पासून १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंतचा पट्टा धरू या. त्याआधीचे कोणाला ठाऊक असेल तर तेही हवेच. आपण स्वतः, आपले वडील, काका, मामा फावल्या वेळात काय करीत, आणि मुळात तो वेळ कोठून काढीत?

केपेकर

आमच्या गावात एखाद्याची शेवटची बस दोनदा चुकली, की ‘त्याला कसला तरी नाद लागला आहे’ असे घरी कळवले जाई.

पाटोपूल

आठवणी कोण लिहितो, हा मांडवीतीर यांचा मुद्दा मान्य आहे. मी पणजीतलाच असल्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमचा सायंकाळचा क्रम ठरलेला होता. कॉलेज सुटले की मिरामारहून चालत कांपालपर्यंत यायचे, मैदानावर एखाद्या मोठ्या संघाचा सराव चालू असला तर तो पाहायचा आणि खेळाडूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांच्या चुका काढायच्या. अंधार पडला की चर्चच्या चौकाकडे वळायचे, आणि खिशात पैसे असले तर ताटो या भाजीपावाच्या हॉटेलात शिरायचे. तेथे काय मागवले यावरून माणसाची पारख होई. पातळ भाजी मागणारा हिशेबी, कारण ती दोन पावांना पुरवून पुरवून खाता येते. सुकी मागणारा गंभीर प्रकृतीचा. दोन्ही एकत्र करून वर कांदा, जोडीला बन आणि शेवटी मिरचीचे भजे सांगणारा मात्र त्या दिवशी घरून मनिऑर्डर आलेला हॉस्टेलवासी, आणि त्याच्या टेबलाला खुर्च्या कमी पडत. पावाचा तुकडा बशीच्या कडेने फिरवून शेवटचा वाटाणा उचलला जाईपर्यंत गप्पा चालत. मग वेटर फडके घेऊन डोक्यावर उभा राही.

सिनेमासाठी नॅशनल आणि एल दोरादो होतेच, अशोक आणि सम्राट ही जोडीही होती. पण आमचा खरा छंद म्हणजे बोट बघणे. मुंबईहून निघालेल्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला लागत. आपले कोणी येणार असो वा नसो, धक्क्यावर हजेरी लावायची. कोण उतरले, कोणाच्या हातात टेपरेकॉर्डर आहे, कोणाच्या पँटचा घेर किती, एवढी माहिती गोळा करून पहिल्या तासाला पोहोचायचे. बेलबॉटम गोव्यात हिप्प्यांनी आणली असे लोक सांगतात. आमची तरी बोटीने आली.

अबोली

शीर्षकातच ‘कुमार’ आहे म्हणून गप्प बसणार होते, परंतु ‘मुळात तो वेळ कोठून काढीत’ हा प्रश्न वाचून राहवले नाही. तो वेळ कोठून येई हे त्यांच्या बहिणींना विचारावे.

माझा थोरला भाऊ आणि मी मडगावला एकाच कॉलेजात होतो. त्याच्यासाठी शेवटची बस होती. माझ्यासाठी पहिली, म्हणजे तास संपल्यावर जी पहिली सुटेल ती. तो मैदानावरून दिवेलागणीला घरी येई तेव्हा त्याच्यासाठी चहा तयार असे, आणि त्याचे चिखलाने भरलेले मोजे विहिरीवर कोणी घासायचे याबद्दल घरात कधी चर्चाही होत नसे. मला वाचनाचा आणि रेडिओचा छंद होता असे आता सांगतात. खरे म्हणजे घरात बसून, कांदा चिरता चिरता करता येण्यासारखे तेवढेच होते. १९६४ मध्ये नुवेला कार्मेल हे मुलींचे महाविद्यालय निघाले, तेव्हा आमच्या शेजारच्या दोघींना केवळ ‘तिथे मुलगे नाहीत’ या एका गुणावर पुढे शिकायला मिळाले.

तेव्हा बसचा सिद्धान्त खुशाल मांडा, पण मुलग्यांना मधल्या बस सोडून देण्याची मुभा होती, हे त्याच्या पहिल्या वाक्यात यायला हवे.

मांडवीतीर

अबोलीताई, हा मुद्दा आला ते बरे झाले. मुलींच्या छंदांवर वेगळा धागा आपणच काढावा, अशी विनंती.

अबोली

काढीन. त्यात मोज्यांविषयीचा पहिला प्रतिसाद तुमचा हवा.

वाळपईवाट

मी सत्तरीतला, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात गेलेला पहिला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, आणि त्यांतून बाहेर पडलेली मुले सत्तरच्या दशकात महाविद्यालयांच्या बाकांवर येऊन बसली. त्या गर्दीत माझ्यासारखे पुष्कळ होते. आम्हाला छंद नव्हते असे नव्हे, पण ओळखपत्राच्या अर्जात ‘आवडीनिवडी’ या रकान्यात लिहिण्यासारखे ते नव्हते.

पहिला दमदार पाऊस पडून ओहोळ भरला, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. या चढणीच्या माशांसाठी रात्री बाहेर पडणे हा आमचा क्रीडामहोत्सव होता. एकाने दिवा धरायचा आणि दुसऱ्याने कोयता. दिवा सरळ पाण्यावर धरला तर नुसता आपलाच उजेड परत डोळ्यांत येतो. तो जरा तिरका, पाण्याच्या अगदी जवळ धरला की दगडांमधून सरकणारी पाठ दिसते. कोयता पात्याने न मारता पाठीने मारायचा, नाहीतर मासा अर्धा होऊन अर्धा वाहून जातो. पाय दगडांत घट्ट रोवलेले हवेत आणि तोंड बंद हवे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही एवढी शिस्त मी पाळली नाही.

दुसरा हंगाम काजूचा. तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे परीक्षा तोंडावर आल्यावर येई. सकाळी भाटात, म्हणजे काजूच्या बागेत जाऊन बोंडू (काजूची फळे) वेचायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या आणि दुपारी त्याच सावलीत अर्थशास्त्राचे पुस्तक उघडायचे. माझ्या त्या पुस्तकाला पुढली कितीतरी वर्षे हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या सौम्य दारूचा वास येत असे, आणि ते ज्याला वापरायला दिले तो परत करायला तयार नव्हता. डुकराची शिकारही होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर ती आधी लोकांच्या बोलण्यातून गेली. रानातून जायला अधिक वेळ लागला.

बसबद्दल एवढेच म्हणेन, की शेवटच्या थांब्यानंतर पायी चालायची वाटही हिशेबात धरा. पावसाळ्यात ती वाट बसपेक्षा जास्त वेळ खाई.

गोलपोस्ट

पाटोपूल यांनी फुटबॉल पाहण्याविषयी लिहिले. खेळण्याविषयी कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो.

सासष्टीत सरद (पावसाळी भाताचे) पीक कापून झाले, की ज्या शेतात वायंगण (उन्हाळी भात) करायचे नसे ते शेत हेच आमचे मैदान. माडाच्या झावळीचे दोन दांडे रोवले की गोल तयार. कापलेल्या भाताचे खुंट पायात घुसत, म्हणून पहिले काही दिवस सगळेच जण चेंडू हवेत ठेवून खेळत. गोव्याच्या खेळाडूंचे डोक्याने मारलेले गोल चांगले का, याचे उत्तर माझ्या मते या खुंटांत आहे. प्रशिक्षक मंडळींनी राग मानू नये. बांधावर बसलेले म्हातारे फुकट पंचगिरी करीत आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय नसे.

तो नुसता छंद मात्र राहिला नव्हता. साळगावकर, धेंपो, सेझा गोवा हे संघ खाणमालक उद्योगसमूहांचे, त्यामुळे चांगला खेळणाऱ्या मुलाला खेळाबरोबर नोकरीही मिळू शके. आमच्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा गणितातला नव्हता, उजव्या बगलेवरचा होता, आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच त्याला पगार सुरू झाला. १९८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे संतोष चषक जिंकला आणि पुढल्या हंगामात एकट्याने जिंकला, तेव्हा कॉलेजात तासांना बसलेल्यांची संख्या मोजायला एक हात पुरला असता.

आणखी एक सांगतो. फुटबॉल ख्रिस्ती मुलांचा आणि क्रिकेट हिंदू मुलांचा, असे बाहेरचे लोक बिनदिक्कत लिहितात. गोलजाळ्यात ब्रह्मानंद शंखवाळकर उभे असतानाही हे लिहिले जात होते, याचे नवल वाटते.

बांधावरचा

आणि क्रिकेटचे काय? गोव्यात कोणी बॅट धरलीच नाही की काय?

गोलपोस्ट

धरली ना. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा काढल्या, त्यांत किंग्स्टनच्या २१२. त्या वर्षी मडगावातला प्रत्येक मुलगा त्यांचा लांबचा नातेवाईक होता.

नांदी

मांडवीतीर यांचा सिद्धान्त नाटकाला मुळीच लागू पडत नाही, असे मला वाटते. आमच्या फोंडा महालात तर सर्वांत मोठा छंद शेवटची बस निघून गेल्यावर सुरू होई.

जत्रेच्या रात्री गावच्या मंडळींनी नाटक करायचे, ही आमच्याकडे अपवादाने घडणारी गोष्ट नव्हे. ज्या मंगेशीने दीनानाथ मंगेशकर आणि पुढे जितेंद्र अभिषेकी दिले, तेथून दोन हाकांच्या अंतरावर राहणाऱ्या मुलाने ‘मला गाता येत नाही’ म्हटले तर ते घरातल्यांना अपमानास्पद वाटे. तालीम रात्री जेवणानंतर देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) चाले. मास्तर म्हणजे बहुधा शाळेतले शिक्षक किंवा पोस्टातले कारकून. त्यांचे संवादाच्या वहीवर बोट आणि आमचे लक्ष बाहेर. कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे दोन कामे हमखास येत. हस्ताक्षर बरे म्हणून त्याने सर्वांचे संवाद उतरून काढायचे, आणि वाचन स्वच्छ म्हणून प्रयोगात विंगेत बसून शब्द पुरवायचे. म्हणजे भूमिका सगळ्यांच्या पाठ त्यालाच, आणि रंगमंचावर पाय मात्र कधी नाही. मी त्या जातीचा. दिवा विंगेत पुरा येत नसे, म्हणून वही गुडघ्यावर उभी धरून, उजेडाच्या दिशेने थोडी कलती ठेवायची आणि ओठ जवळजवळ न हलवता बोलायचे. पहिल्या रांगेला ऐकू गेले तर नामुष्की, नटाला ऐकू गेले नाही तर त्याहून मोठी.

पूर्वी स्त्रीभूमिका मुलगेच करीत. आमच्या वेळेपर्यंत बाहेरगावाहून अभिनेत्री बोलावण्याची पद्धत रूढ झाली होती. बाई प्रयोगाच्या आदल्या दिवशी येत, एकच तालीम करीत आणि आमच्या नायकाची वाचा बंद पडे. तोवर महिनाभर त्याने प्रेमाचे सगळे संवाद अग्रशाळेच्या खांबाकडे पाहून म्हटलेले असत. एका वर्षी प्रयोगातही तो सवयीने खांबाकडेच वळला, आणि बाईंनी चतुराईने स्वतः खांबाजवळ जाऊन उभे राहून अंक वाचवला.

शहरात हे सारे वेगळ्या वळणाने गेले. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, तिच्या नाट्यस्पर्धा आल्या, आणि गावचा हौशी नट एकदम नेपथ्य आणि प्रकाशयोजना असले शब्द बोलू लागला. चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली कांपालची वास्तू १९८३ मध्ये उभी राहीपर्यंत पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेचे सभागृह हाच मोठा आधार होता. स्पर्धेमुळे नाटक सुधारले, यात वाद नाही. पण पहाटेपर्यंत चालणारे, चणे-खाजे खात पाहायचे नाटक तीन अंकांत आणि ठरावीक वेळेत बसवावे लागले, याची चुटपुट माझ्या पिढीला आहे.

आल्तिनो

मुक्तीपूर्वीचे कोणी लिहिले नाही म्हणून घरात ऐकलेले लिहितो. तेव्हा गोव्यात राहून वरचे शिक्षण घ्यायचे तर १८४२ पासून चालत आलेली मेडिकल स्कूल होती आणि त्याखाली पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचे लिसेंव, म्हणजे माध्यमिक विद्यालय. दोन्हींचे माध्यम पोर्तुगीज. मराठी शाळांतून मॅट्रिक झालेली मुले घाट चढून बेळगावला लिंगराज किंवा राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात, धारवाडला कर्नाटक महाविद्यालयात, नाहीतर थेट पुण्यामुंबईला जात. १९५५ मध्ये भारताने गोव्यावर निर्बंध आणले आणि कॅसलरॉकवरून जाणारी रेल्वे बंद पडली, तेव्हा सुट्टीत घरी येणे हेच एक साहस झाले. त्यामुळे या मुलांना मोकळा वेळ भरपूर होता, घर नव्हते.

माझ्या वडिलांचा बेळगावातला छंद तिकिटे जमवण्याचा होता. गोव्याच्या मुलाचा वर्गात भाव वधारलेला असे, कारण त्याच्याकडे ‘इंडिया पोर्तुगेझा’ छापलेली तिकिटे असत, आणि आफ्रिकेत कोणी नातलग असला तर मोझांबिक आणि अंगोला यांचीही. १९५९ मध्ये गोव्याचे चलन रुपयावरून एस्कुदोवर गेले आणि जुन्याच तिकिटांवर नवी किंमत छापून ती विक्रीस आली. अशी दुरुस्त किमतीची तिकिटे बेळगावच्या वसतिगृहात दुप्पट तिपटीने बदलली जात. वडिलांच्या वहीत पानोपानी तिकिटे पातळ कागदाच्या बिजागरीने चिकटवलेली आहेत, आणि कोणते तिकीट कोणाला देऊन कोणते घेतले हे शेजारी पेन्सिलीने टिपलेले आहे. शेवटच्या पानावर मात्र एक कोरा चौकोन आहे आणि त्याखाली लिहिले आहे : ‘परत देतो म्हणाला.’

कुंदाप्रेमी

तो परत देणारा आमच्या बेळगावचाच असणार. त्याच्या वतीने पाव किलो कुंदा पाठवायची तयारी आहे.

सोल्फाकार

संगीताबाबत नांदी यांच्या प्रतिसादाला जोड देतो. आमच्या वाड्यावर दोन प्रकारची मुले होती. भजनी सप्ताहात आणि चवथीच्या आरत्यांना घुमट (मातीचे तालवाद्य) वाजवणारी आम्ही, आणि चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा (पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरवाचन) शिकून व्हायोलिन हाती धरलेले आमचे मित्र. कॉलेजात आल्यावर त्यांच्या हातात गिटार आली, कारण कॉलेजच्या ‘सोशल’ला, म्हणजे नाचगाण्याच्या संध्याकाळी, बँड लागे. आम्ही त्यांच्याकडे गिटारचे चार सूर शिकायला गेलो आणि ते आमच्याकडे घुमट शिकायला आले. लिहिलेले स्वर वाचल्याशिवाय ते एक बोट हलवीत नसत, आणि आम्हाला लिहिलेले काहीच वाचता येत नसे. तरी चवथीला आमच्या घरच्या आरतीत व्हायोलिन वाजले. आजीने फक्त एवढेच विचारले, की त्या मुलाला फराळाचे ताट दिले का.

वाचनकोपरा

छापील मजकुराचा छंद राहूनच गेला. पणजीचे मध्यवर्ती वाचनालय १८३२ पासूनचे, पण आमच्या ओढीचे कारण तेथील जुनी पोर्तुगीज पुस्तके नव्हती. तेथे मराठी मासिके आणि पंखा, दोन्ही होते. १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ निघाला, पाठोपाठ ‘राष्ट्रमत’, १९७० मध्ये ‘नवप्रभा’, आणि वाचकांच्या पत्रांत आपले नाव छापून आणणे हा कॉलेजकुमारांचा मोठाच व्यवसाय झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी तर एकाच बाकावर बसणारे दोघे जण दोन वृत्तपत्रांतून एकमेकांना उत्तरे देत आणि दुपारी एकाच डब्यात जेवत. विलीनीकरणवादी आणि विरोधी यांच्यातला ३४,०२१ मतांचा फरक जाहीर झाल्यावर आमच्या ओळखीच्या एका जोडीतला पराभूत पक्ष आठवडाभर डबा वेगळा खात होता. नंतर डब्यात सुंगटाचे हुमण (कोळंबीची आमटी) आले आणि प्रश्न निकालात निघाला.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर गीतमाला लागे. ती ऐकण्यासाठी कोणालाही बस पकडावी लागत नव्हती, म्हणून पेडण्यापासून काणकोणपर्यंत साऱ्या मुलग्यांचा खराखुरा सामायिक छंद तोच, असे मी म्हणेन.

कुठ्ठाळीफेरी

इतका वेळ सगळे जण बसला अडथळा धरून चालले आहेत. दक्षिणेकडून पणजीला येणाऱ्यांना विचारा. १९८३ मध्ये झुआरीवर पूल होईपर्यंत आम्ही कुठ्ठाळीला उतरून फेरीने आगशीला जात असू. ती फेरीच आमचा क्लब होती. रांगेत वाट पाहताना पत्त्यांचा डाव मांडला जाई आणि फेरीबोटीत उभ्याउभ्या पुढे चाले. गाणारा गायचा, नकला करणारा प्राध्यापकांच्या नकला करायचा, आणि मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका आमच्यातल्या कोणाचे लग्न कोठे जमवता येईल याचा अंदाज मोठ्याने घ्यायच्या. तालीम, वादसभा, जिमखाना हे सारे पाण्यावर होते. पूल झाला आणि प्रवास झटपट झाला. पण मग त्या वाचलेल्या वेळात आम्ही काय केले, ते मला आठवत नाही.

मांडवीतीर

हे फार महत्त्वाचे आहे. माझ्या म्हणण्याला यामुळे बळच येते, कारण छंद बसने ठरत, मग तो स्टँडवर असो किंवा फेरीबोटीत. नांदी यांचे नाटक मात्र अजून माझ्या हाताबाहेर आहे.

तिकिटकटर

बसचा विषय काढून १९७८-७९ चे विद्यार्थी आंदोलन कोणी काढू नये, याचे आश्चर्य वाटले. बसभाड्यात विद्यार्थ्यांना पन्नास टक्के सवलत, ही त्याची मागणी होती, आणि ती पदरात पाडून घेतली गेली. आमच्या पिढीचा सर्वांत मोठा छंद कोणता, असे कोणी विचारले तर फुटबॉल आणि नाटक बाजूला ठेवून मी मोर्चा हेच उत्तर देईन. रात्री खळ आणि पोस्टर, सकाळी घोषणा, दुपारी कोणाच्या तरी घरी पेज. ज्याने जन्मात कधी व्यासपीठावर पाऊल ठेवले नव्हते, तो बसच्या टपावर उभा राहून भाषण करू लागला. वाळपईवाट म्हणतात ती पहिल्या पिढीची मुले त्यात पुढे होती, कारण ज्याचे घर लांब त्याच्या खिशाला भाडे जास्त लागे. शहरातल्यांना कारण कमी आणि उत्साह अधिक होता.

सवलत मिळाल्यावर एक नवाच छंद निघाला. पदवी मिळाली तरी विद्यार्थ्याचे ओळखपत्र परत न करणे.

वाळपईवाट

तिकिटकटर यांना दुजोरा. आमच्या गाडीचा कंडक्टर तर ओळखपत्र न बघता मिशा बघून भाडे ठरवी, त्यामुळे काही मुलांनी अर्ध्या तिकिटापायी मिशा काढल्या होत्या.

पर्वरीचढ

थोडा नंतरचा काळ, पण कुठ्ठाळीफेरी यांचे वाचून लिहावेसे वाटले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा मी म्हापशाकडून पणजीला कॉलेजात जात होतो. बेती ते पणजी पुन्हा फेरीवर भिस्त आली, आणि जुन्या लोकांनी सांगितलेले पत्ते, गाणी, नकला हे सगळे त्या पावसात आमच्या वाट्यालाही आले. वडील म्हणत, आम्ही असेच जात होतो, त्यात काय मोठेसे. उशिरा येण्याला ‘फेरी’ हे एका शब्दाचे कारण सर्व प्राध्यापक निमूटपणे मान्य करीत. हे इतके सोयीचे होते, की रायबंदरला राहणारा आमचा एक मित्र, ज्याच्या वाटेत ओलांडायला नदीच नव्हती, तोही महिनाभर ‘फेरी’ सांगून आत येत होता.

केपेकर

त्याला मेरिटवर सवलत मिळायला हवी होती.